१५०० रुपयांत सायकलचे लाइट: रूटमधला सगळ्यात काळा पॅच बघून घे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत सीप्झला (अंधेरीची इंडस्ट्रियल इस्टेट) दुसरी शिफ्ट, सुटतो रात्री साडेअकराला, घर भांडुपला, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) पवई करत गांधीनगर आणि तिथून एलबीएसने (लाल बहादूर शास्त्री मार्ग) घरी, साधी गिअरची जुनी सायकल. पुढचा-मागचा दोन्ही लाइट मिळून बजेट १५०० रुपये. ऑनलाइन '१०,००० लुमेन' (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) लिहिलेला ६९९ चा लाइट मागवलाय, त्याच्यासोबत मागचा फुकट आलाय, तर दादा हे चालेल का, की अजून पैसे टाकू, की सरळ डायनॅमो लावू?

अजून पैसे टाकायची गरज नाही, पण हा सेट चालणार नाही. का ते जरा सविस्तर सांगतो कारण हाच प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच. मी मुलुंड ते परळ सायकलने कामाला जातो, सतरा वर्षं झाली, प्रिंटिंग लाइन असल्यामुळे परत येताना रात्रच असते, आणि रविवारी बिल्डिंगखाली ओळखीच्यांच्या सायकली बघून देतो त्यामुळे मेलेले लाइट पण माझ्याकडेच येतात, चाळीसेक तरी उघडून बघितले असतील.

सगळ्यात आधी हे डोक्यातून काढ की लाइट पूर्ण रस्त्यासाठी घ्यायचा आहे. आपल्याकडे मेन रोडला स्ट्रीटलाइट असतो, रस्ता तुला तसाही दिसतो, तिथे लाइटचं काम एवढंच की तू इतरांना दिसला पाहिजेस, आणि त्याला पन्नास-शंभर लुमेन पण पुरतात. खरी परीक्षा तुझ्या रूटमधल्या त्या आठ-दहा मिनिटांची आहे जिथे काहीच दिसत नाही. तुझ्या रूटवर म्हणजे पवई तलावाच्या बाजूला झाडांची सावली पडते तो भाग, आणि जिथे जिथे मेट्रो ६ च्या कामामुळे पत्रे लागलेत आणि रस्ता एकदम अरुंद होतो ते पट्टे, पुढे एलबीएसला मेट्रो ४ चं तेच. एकदा मुद्दाम हळू जा आणि बघ कुठे कुठे तुझा स्पीड आपोआप कमी होतो, लाइट त्या जागांसाठी घ्यायचा. मरीन ड्राइव्हला हवा खायला सायकल नेणाऱ्याला जो लाइट मस्त आहे तोच आरेच्या जंगलातून रात्री येणाऱ्याला कुचकामी आहे, आणि उलटही खरंच, आरेवाल्याचा लाइट मरीन ड्राइव्हवर लावून फिरलास तर लोकांच्या शिव्या खाशील.

आता पैसे. सगळे जण आधी पुढचा लाइट बघतात आणि उरलेल्या पैशात मागचा. मी उलटं सांगतो, आधी मागचा घे. पुढचा खड्डा चुकवायला तुझे डोळे आहेत, ब्रेक आहेत, हळू जाणं तुझ्या हातात आहे, पण मागून येणाऱ्या डंपरच्या बाबतीत तुझ्या हातात काहीच नाही, त्याने बघितलं तर बघितलं. रात्री बाराला जेव्हीएलआर रिकामा असतो म्हणून गाड्या कशा सुटतात हे तुला सांगायला नको.

मागचा लाइट ४००-४५० पर्यंत चांगला मिळतो, चार्जिंगवाला. २०-३० लुमेन रात्रीला भरपूर झाले. दुकानात लुमेनपेक्षा हे बघ की लाइट बाजूने पण दिसतो का, म्हणजे हातात धरून नव्वद अंशात फिरव, कडेने उजेड पूर्ण गायब होत असेल तर ठेवून दे, कारण गल्लीतून बाहेर येणारी रिक्षा तुला बाजूनेच बघते. मोड बदलल्यावर शेवटचा मोड लक्षात ठेवतो का तेही बघ, नाहीतर रोज बटण पाच वेळा दाबत बसायचं. ब्लिंक ठेवू की स्टेडी, यावर लोक तासभर भांडू शकतात. ब्लिंकिंग लवकर नजरेत भरतं पण अंधारात नुसत्या लुकलुकणाऱ्या ठिपक्यावरून तू किती लांब आहेस याचा मागच्याला नीट अंदाज येत नाही, स्टेडीवरून येतो. म्हणून मी दोन लावतो, सीटपोस्टला (सीटखालचा दांडा) स्टेडी आणि हेल्मेटमागे एक छोटा मंद ब्लिंकवाला, तो बटनसेलवर चालणारा शे-दीडशेचा. एक मध्येच गेला तर दुसरा असतो हा खरा फायदा, कारण मागचा लाइट बंद पडलाय हे चालवणाऱ्याला कधीच कळत नाही.

यावरून आठवलं, मी स्वतः एक अख्खा पावसाळा बिनबत्तीचा फिरलोय, लाइट चालू असताना. झालं असं की रेनकोट लांब होता आणि सीटवर बसलं की त्याचा मागचा घोळ बरोबर लाइटवर पडायचा. मी आपला रोज लाइट लावून, चार्ज करून, अगदी शहाण्यासारखा. कांजूरच्या सिग्नलला एका रिक्षावाल्याने शेजारी रिक्षा लावली आणि म्हणाला, "चाचा, पीछे बत्ती लगाओ ना, दिखते नहीं हो." मी उतरून बघितलं तर लाइट आत छान पेटलेला, रेनकोटच्या आत कंदील लावल्यासारखा. तेव्हापासून लाइट सीटपोस्टच्या खालच्या टोकाला किंवा मडगार्डच्या, कॅरिअरच्या मागच्या कडेला. तू सॅक लावतोस की कॅरिअरला डबा बांधतोस माहीत नाही, पण सगळं लादून, रेनकोट घालून कोणालातरी सायकलवर बसव आणि दहा पावलं मागे जाऊन बघ. आणि लाइट जमिनीला सरळ असू दे, आकाशाकडे नको, सीटखालच्या पाऊचला अडकवलेले लाइट नेहमी वर बघत असतात.

मग १०० रुपयांचं रेडियम. नाव रेडियम पण त्यात रेडियमचा काही संबंध नाही, गाड्यांची स्टिकरं लावणाऱ्याकडे जी चमकणारी पट्टी मिळते ती, ट्रकच्या मागे असते तसली जाड घे, पातळ शोची नको. मागे मडगार्डला आणि सीट-स्टेला (सीटखालून मागच्या चाकाकडे जाणारे दांडे) लाल, पुढे फोर्कला (पुढचं चाक धरणारा चिमटा) पांढरी, आणि मुख्य म्हणजे पेडलला आणि क्रँकला (पेडलचा दांडा). पेडलचे पिवळे रिफ्लेक्टर नवीन सायकलला येतातच, तुझे तुटलेत का बघ. ती दोन टिंबं आळीपाळीने वरखाली होताना दिसली की मागच्याला विचार न करता कळतं की पुढे कोणीतरी पाय मारतंय, नुसता लाल ठिपका बाइकचाही असू शकतो. याला चार्जिंग नाही, पावसात मरत नाही, चोरून कोणी नेत नाही. फक्त समोरच्याच्या हेडलाइटचा उजेड त्यावर पडला तरच चमकतं, म्हणून लाइटच्या ऐवजी नाही, लाइटच्या सोबत.

आता पुढचा, आणि ते १०,००० लुमेन प्रकरण.

हिशेब स्वतः करून बघ म्हणजे परत कोणी फसवणार नाही. या बजेटमधल्या एलईडीला एका वॅटमध्ये ढोबळ १०० लुमेन धर. म्हणजे १०,००० लुमेनला १०० वॅट. त्यातली अर्ध्याहून जास्त उष्णताच होणार, एवढी उष्णता तुझ्या मुठीएवढ्या डबीत कोंडली तर हात लावता येणार नाही. आता बॅटरी बघ, समजा आत २००० एमएएचचा, म्हणजे २ अँपिअर-अवर साठवणीचा, एक सेल आहे, व्होल्टेज ३.७, गुणाकार केला की ७.४ वॅट-अवर. १०० वॅट खेचलेस तर साडेचार मिनिटं. साडेचार मिनिटांत तू सीप्झचं गेट पण नीट सोडलेलं नसशील. आणि डब्यावर लिहिलेलं असतं 'सहा तास'. उलट एखाद्या डब्यावर ४०० लुमेन, २००० एमएएच, हायवर दीड तास असं लिहिलं असेल तर ४ वॅट, ७.४ भागिले ४, थोडं नुकसान धरलं की दीड-पावणेदोन, म्हणजे हा माणूस खरं बोलतोय. हा भागाकार दुकानात उभ्या उभ्या मोबाइलवर होतो.

'टी६ एलईडी' असं लिहिलेलं पण खूप दिसेल. क्री कंपनीचा एक्सएम-एल नावाचा एलईडी होता, टी६ हा त्यातल्या ब्राइटनेसच्या वर्गवारीचा कोड, आणि अस्सल एलईडीला पूर्ण ३ अँपिअर करंट दिला तरी तो जेमतेम हजार लुमेनच्या आसपास जातो. मग त्याच्यावर पाच हजार, दहा हजार कुठून आले ते लिहिणाऱ्याला विचार. सेलचं पण तेच. या लाइटमधल्या सेलच्या मापाला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ मिलिमीटर लांबी, त्या आकारात चांगल्यात चांगला सेल साडेतीन हजार एमएएचच्या आसपास संपतो. '९९०० एमएएच' लिहिलेला सेल माझ्याकडे एका पोराच्या लाइटमधून आला होता, मला हलका लागला म्हणून खालच्या वाण्याच्या डिजिटल काट्यावर ठेवला, २९ ग्रॅम. अस्सल सेल ४५-४८ ग्रॅम भरतो. वाणी म्हणाला यात काय, कापूर आहे का. तो लाइट हायवर बारा मिनिटं चालला, मग पिवळा, मग अगरबत्ती. (सेल कापून बिपून बघू नको हं, लिथियम आहे, आग पकडतो.)

तुला खरे ३००-४०० लुमेन पुरतील, जास्त नको. अंधाऱ्या पॅचला ३००-४००, बाकी रस्त्यात लो वर १००. दहा-बारा किलोमीटरला पाऊण तास धर, पाऊस-पंक्चर धरून दीड तास मिडियमवर टिकला पाहिजे. अॅल्युमिनियमची बॉडी मिळाली तर बघ, प्लास्टिकवाले मे महिन्यात सिग्नलला उभं राहिलं की तापून स्वतःच मंद होतात, तो बिघाड नाही, स्वतःला वाचवतात, हवा लागली की परत वाढतात. ८००-८५० मध्ये असे लाइट मिळतात, डिकॅथलॉनमध्ये जाऊन हातात घेऊन बघ, नाहीतर जवळच्या सायकलच्या दुकानात, पण हातात घेऊन. घरी चांगला टॉर्च आधीच असेल तर शे-दीडशेची हँडलची क्लिप घेऊन तोच लावला तरी चालतं, मी सुरुवातीची तीन वर्षं तेच केलं, फक्त सेल लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून घेतलास तर वरची काट्याची गोष्ट लक्षात ठेव.

लुमेनपेक्षा महत्त्वाचं म्हणजे उजेड पडतो कुठे. टॉर्चसारखा गोल फोकस असेल तर अर्धा उजेड झाडांवर आणि समोरच्याच्या डोळ्यात. जर्मनीत सायकलच्या लाइटला एसटीव्हीझेडओ नावाचा नियम आहे, त्यात उजेडाची वरची कड कारच्या डिपरसारखी कापलेली असते, सगळा प्रकाश खाली रस्त्यावर. तसा कट-ऑफवाला लाइट बजेटमध्ये सापडला तर डोळे झाकून घे, ३०० लुमेनमध्ये ६०० चं काम होतं. नाही सापडला तरी बिघडत नाही, अँगल नीट लाव. पद्धत सोपी आहे: रात्री बिल्डिंगच्या भिंतीपासून पाच मीटरवर सायकल उभी कर, हँडलवरचा लाइट साधारण कमरेएवढ्या उंचीवर असतो, तर भिंतीवर उजेडाचा मधला ठिपका त्याच्या निम्म्या उंचीवर, म्हणजे गुडघ्याच्या आसपास पडला पाहिजे. मग रस्त्यावर तो बरोबर दहा मीटरवर पडतो आणि कडेचा उजेड त्याच्या पुढे. ताशी २० ने जाताना सेकंदाला साडेपाच मीटर जातोस, खड्डा दिसून बोटं ब्रेकवर जाईपर्यंत एक-सव्वा सेकंद गेला, मग ओल्या रस्त्यावर थांबायला पाच-सहा मीटर, म्हणजे तुला १२-१५ मीटरपर्यंत दिसलं पाहिजे. ५० मीटर लांबचं बघून करणार काय.

पुढचा लाइट रात्री कधीही फ्लॅशवर नको. रस्ता तुकड्या-तुकड्यात दिसतो, आणि समोरून राँग साइडने येणारा बाइकवाला आधीच अंदाजे चालवत असतो, त्याला अजून आंधळा करू नको, तो तुझ्याच अंगावर येणार आहे.

आणि आता आपला मुंबईचा विषय, खड्डे. लाइट जेवढा डोळ्यांच्या जवळ तेवढा खड्डा सपाट दिसतो, कारण सावली खड्ड्यातच लपते, तुला दिसत नाही. म्हणून नुसता हेल्मेटवर लाइट लावणारे धाडकन आपटतात. लाइट जेवढा खाली तेवढी खड्ड्याच्या कडेची सावली लांब पडते, दोन इंचाचा खड्डा पण काळी रेघ मारल्यासारखा दिसतो, उखडलेला पेव्हर ब्लॉक आणि वर आलेलं गटाराचं झाकण तर फारच छान दिसतं. पुढच्या ब्रेकच्या बोल्टला, फोर्कच्या डोक्यावर लावता आला तर उत्तम, नाहीतर हँडल. हँडलखाली उलटा लटकवायचा असेल तर गोल फोकसवालाच लटकव, कट-ऑफवाला उलटा लावलास तर सगळा उजेड वर.

पाणी भरलेल्या खड्ड्याला मात्र कुठलाच लाइट चालत नाही. ओला रस्ता उजेड पुढे सांडतो, तुझ्याकडे परत येतच नाही, म्हणून पावसात लाइट अर्धा झाल्यासारखा वाटतो, आणि साचलेलं पाणी तर नुसतं काळं दिसतं, आरशासारखं. रस्ता करडा दिसतोय आणि मध्येच गुळगुळीत काळा डाग आहे, तर ते पाणी आणि खाली काय आहे देव जाणे, टाळ किंवा हळू जा. थोडा पिवळसर रंगाचा उजेड मिळाला तर माझ्या डोळ्यांना पावसात तो बरा वाटतो, निळसर पांढरा नुसता थेंबांवर चमकतो, पण हे माझं मत, यासाठी जास्त पैसे देऊ नको.

पावसासाठी डब्यावर आयपीएक्स ४ तरी हवं, म्हणजे सगळ्या बाजूंनी उडालेलं पाणी सहन करणारा. ५ किंवा ६ म्हणजे पाण्याची धार, आपल्या जुलैला ते बरं. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवून टेस्ट, पण नुसतं ७ लिहिलेला लाइट जोराची धार सहन करेलच असं नाही, त्या दोन वेगळ्या टेस्ट आहेत. मी उघडलेले मेलेले लाइट बघितले तर पाणी काचेतून फार कमी वेळा गेलेलं असतं, जातं ते चार्जिंगच्या भोकातून. ते रबराचं झाकण सहा महिन्यांत सैल होतं. माझा उपाय पंक्चरवाल्याकडचा, जुन्या ट्यूबचा दोन बोटं रुंद गोल काप आणायचा, फुकट देतो, आणि लाइटवर असा चढवायचा की भोक झाकलं जाईल. पोर्ट खालच्या बाजूला येईल असा लाइट लाव. घरी आल्यावर ओला लाइट लगेच चार्जिंगला लावायचा नाही, आधी पुसून पंख्याखाली, मग चार्जिंग, ओल्या पोर्टमध्ये करंट गेला की पिन हिरव्या पडतात आणि एका पावसाळ्यात खेळ खलास.

त्याच ट्यूबच्या पट्टीचं दुसरं काम म्हणजे पॅकिंग. हँडलची जाडी सगळीकडे सारखी नसते, मध्यभागी तुझ्या जुन्या सायकलला बहुतेक २५.४ मिलिमीटर असेल, नवीन सायकलींना ३१.८, आणि ग्रिपजवळ २२.२. क्लँप ढिला बसला तर लाइट प्रत्येक खड्ड्याला मान टाकतो. रबरी पट्ट्यावाला लाइट कुठेही बसतो पण तो पट्टा उन्हाने कडक होऊन तुटतो, आणि तुटतो तो चालत्या सायकलवरच, माझा एक लाइट असाच मुलुंड चेकनाक्याला बसच्या चाकाखाली गेलाय, स्पेअर पट्टा मिळतो का ते घेतानाच विचार.

चार्जिंगला टाइप-सी असेल तर एक गंमत होते. स्वस्त लाइटमध्ये दोन छोटे रेझिस्टर वाचवलेले असतात, त्यामुळे नवीन फोनच्या सी-टू-सी केबलने तो चार्जच होत नाही आणि लोक खराब म्हणून परत करतात. जुन्या चौकोनी यूएसबीवाल्या चार्जरने आणि केबलने लाव, लगेच घेतो. शिफ्टमध्ये पोचल्यावर दोन्ही लाइट चार्जिंगला लावायचे, घरी नाही, कारण तुला उजेड लागतो तो सुटल्यावर. सायकलवर ठेवून जायचे नाहीत हे वेगळं सांगायला नको.

डायनॅमोचं पण विचारलं होतंस. टायरला घासणारा बाटलीवाला डायनॅमो आमच्या वडिलांच्या सायकलला होता, ६ व्होल्ट ३ वॅट, पाय मारलेत तोपर्यंत उजेड, सिग्नलला थांबलं की अंधार, आणि भर पावसात टायर ओला झाला की घसरतो, म्हणजे नेमका पाहिजे तेव्हाच नाही. वडील सांगायचे की तेव्हा बत्ती नसली की हवालदार चाकातली हवा सोडायचा, म्हणून घासत का होईना लावायचे. आज तुला नको.

तर मागचा ४५०, रेडियम १००, पुढचा ८५०, उरलेल्या शंभरात स्पेअर पट्टा नाहीतर हेल्मेटमागचा तो बटनसेलवाला. मे महिन्यात घेऊन ठेव, पाऊस सुरू झाला की दुकानात चांगले आधी संपतात. आणि ते ६९९ वालं पॅक फोडलं नसशील तर फोडू नको, फोडलं असशील तर डबा-बिल सांभाळ, रिटर्नची तारीख आजच बघ.